दुधाचे माप कोणाच्या हाती?

आपल्या शहरात जालना रस्त्यावर 'दूध डेअरी चौक' आहे. चौकाला हे नाव कसे पडले, असे मी वर्गातल्या मित्रांना विचारले, तर बहुतेकांनी खांदे उडवले. ज्या शासकीय डेअरीवरून ते पडले तिचे दिवस सरले. नाव तेवढे राहिले.

माझी आजी सांगते, तिच्या तरुणपणी गवळी दारात येऊन रतीब घाली. दूध पाणचट निघाले की ती त्याला उंबऱ्यावरच चार शब्द सुनावी. माप गवळ्याच्या हाती असले तरी त्यावर डोळा आजीचा असे.

पुढे दुधाच्या धंद्यात सरकार उतरले. मुंबईसाठी 1949 साली आरे वसाहत उभी राहिली. कार्ड, केंद्र आणि बाटल्या आल्या. शहराची सोय झाली. पण खेड्याचे काय? मुंबईच्या योजनेसाठी खेडा जिल्ह्यातील दूध पोल्सन कंपनीमार्फत घेतले जाई आणि शेतकऱ्याला पडेल तो भाव घ्यावा लागे. म्हणून तेथील शेतकऱ्यांनी दूध देणेच बंद केले आणि 1946 साली स्वतःचा संघ काढला. त्यातूनच 'अमूल' उभे राहिले. गावात सोसायटी, जिल्ह्याला संघ आणि राज्याला महासंघ ही घडण 1970 च्या 'दूध महापूर' योजनेने देशभर नेली. महाराष्ट्राचा महासंघ तर 1967 चाच. 1991 नंतर खाजगी डेअऱ्यांना दार उघडले आणि चित्र पुन्हा पालटले. महासंघाची 'महानंद' 2024 साली राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाकडे चालवायला द्यावी लागली.

मी गंगापूर तालुक्यातल्या खेड्यातून येतो. घरी दोन गाई आहेत. दर दहा दिवसांनी होणाऱ्या दुधाच्या 'पगारा'तून माझी खोली आणि मेस चालते. गेल्या उन्हाळ्यात गाई त्याच, चारा तोच. पण संकलन केंद्रावर फॅट एकाएकी कमी लागू लागली. वडिलांनी यंत्र पुन्हा लावायला सांगितले, तर "पटत नसेल तर दुसरीकडे घाला" असे उत्तर मिळाले. गावात दुसरे केंद्रच नव्हते! जुलै 2023 मध्ये शासनाने 3.5 फॅट आणि 8.5 एसएनएफच्या गाईच्या दुधाला लिटरला 34 रुपये दर ठरवला होता. पण फॅट किती हे सांगणारे यंत्रच दुसऱ्याच्या हाती असेल, तर ठरलेल्या दराला काय अर्थ?

काहीजण म्हणतात, सहकार परत आणा म्हणजे झाले. मला ते अर्धेच पटते. सहकारी संस्थाही मूठभर पुढाऱ्यांच्या झाल्या की सभासद नावापुरताच उरतो. उलट खाजगी डेअऱ्या आल्याने काही गावांत दोन गिऱ्हाइके झाली, हेही नाकारता येत नाही. म्हणून मालक कोण, या प्रश्नाइतकाच माप कोण तपासतो हा प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो. प्रत्येक केंद्रावरील यंत्राची त्रयस्थाकडून नियमित तपासणी व्हावी, प्रत्येक वेळी छापील पावती मिळावी, आणि शंका आल्यास दुधाचा नमुना दुसरीकडे तपासून घेण्याचा हक्क शेतकऱ्याला असावा. या मागण्या फार मोठ्या नाहीत.

मित्रहो, आपण कला शाखेचे; फॅट आणि लिटर हा आपला विषय नव्हे, असे कोणी म्हणेल. पण आपल्या वर्गातील कितीजणांची फी दुधाच्या कॅनमधून येते, हे एकदा मोजून पाहा. रतिबाच्या काळात आजीला जो हक्क होता, तो निदान माझ्या वडिलांना परत मिळावा, एवढेच माझे म्हणणे आहे.