वीतभर अंतराची नभोवाणी

गेल्या दिवाळीच्या सुटीत आमच्या सातवीतील नातवाने विचारले, "आजोबा, पणजीच्या रेडिओवर मला बोलता येईल का?"

माझ्या मातोश्री आता अंथरुणावरच असतात. उशाशी मध्यमलहरींचा जुना रेडिओ. सांगलीला आमची हळदीची अडत होती, तेव्हा वडील याच संचावर १२५१ किलोहर्ट्झला सांगली केंद्र लावून बाजारभाव ऐकत. अलीकडे त्यातून बहुधा खरखरच येते. तरी आई तो बंद करू देत नाही.

मी वाणिज्य शाखेचा, डाग देण्याची कास्तरी प्रथमच हाती घेतली. साहित्य मात्र फार लागत नाही. एक मेगाहर्ट्झचा स्फटिक-आंदोलक, म्हणजे चार पायांची धातूची चकचकीत डबी. जुन्या ट्रान्झिस्टर रेडिओत असे तसा चिमुकला ध्वनि-ट्रान्सफॉर्मर, एका बाजूस १००० ओहम व दुसऱ्या बाजूस ८ ओहमचा. आणि चार पेन्सिल सेल. डबी सेकंदाला दहा लाख आंदोलने करते, म्हणून रेडिओचा काटा १००० किलोहर्ट्झवर आणावयाचा. ही लहर म्हणजे रिकामी मालगाडी. तीत आवाजाचा माल भरावा लागतो. जुन्या मोबाइलच्या इअरफोनच्या तारा ८ ओहमच्या बाजूस जोडायच्या, आणि १००० ओहमची गुंडाळी सेल व डबी यांच्या मधल्या वाटेत घालायची. आवाज चढला-उतरला की डबीला मिळणारा विद्युतदाब कमीअधिक होतो व लहरीची उंची त्याप्रमाणे बदलते. 'ए.एम.' म्हणतात ते हेच.

पहिल्या संध्याकाळी काटा हजारावर येताच खरखर एकाएकी थांबली. पण आवाज नाही! नातू हिरमुसला. मला मात्र ती शांतताच मोलाची वाटली, कारण गाडी स्थानकात आल्याचा तो पुरावा होता. फक्त ती रिकामी आली होती. दुसऱ्या दिवशी चूक सापडली. ट्रान्सफॉर्मर उलटा जोडला होता. जन्मभर दुसऱ्यांच्या नोंदी तपासणाऱ्या माणसाकडून जमा-खर्चाच्या बाजूच बदलल्या गेल्या!

आवाज आला तसा नातवाचा उत्साह वाढला. गच्चीवर लांब तार बांधू, समोरच्या चाळीतील मित्रालाही ऐकवू, असा त्याचा बेत. येथे मला आजोबापण बाजूला ठेवावे लागले. परवान्यावाचून प्रक्षेपण हा आपल्याकडे गुन्हा आहे. १९३३ चा बिनतारी तारायंत्र कायदा असे यंत्र परवान्याविना बाळगण्यासही मनाई करीत असे. २०२३ च्या दूरसंचार कायद्यानेही परवानगीची अट सोडलेली नाही. शिवाय या डबीची लहर चौकोनी असते. तिची गळती तिप्पट, पाचपट वारंवारतेवरही होते, आणि तेथे दुसऱ्या कोणाचे तरी काम चालू असते.

"मग उषा मेहतांनी केले ते?" त्याने पाठ्येतर वाचन काढले. १९४२ साली मुंबईत जागा बदलत गुप्त 'काँग्रेस रेडिओ' चालविणाऱ्या उषाबेन. मी म्हटले, त्यांनी चार वर्षांची शिक्षा भोगली. पणजीला आवाज ऐकविण्यासाठी तेवढी तयारी आहे का? तो हसला, पण रागही गेला नव्हता. हौशी रेडिओचालकांसाठी शासन परीक्षा घेते व परवाना देते, ती माहिती त्याने दुसऱ्याच दिवशी मिळविली.

तार आम्ही जोडलीच नाही. डबी आईच्या रेडिओला अगदी लगटून ठेवली. एक हात दूर नेली की आवाज विरतो, इतकीच तिची मजल. नातवाने मोबाइलमध्ये आधीच मुद्रण करून ठेवले होते. वर्तमानपत्र समोर धरून, घसा खाकरून त्याने वाचलेले हळद, गूळ आणि तुरीचे त्या दिवसाचे भाव.

आईने डोळे मिटून सगळे ऐकले. मग मला जवळ बोलावून म्हणाली, "हळद उतरली रे. यांना सांग, आज माल काढू नका म्हणावं."

वडिलांना जाऊन एकोणीस वर्षे झाली. मी "सांगतो" म्हणालो. नातवाने मुद्रण पुन्हा पहिल्यापासून लावले.