व्यवसायोपचारतज्ज्ञ शाळेतच हवा

शारीरिक अपंगत्व असलेल्या मुलांसाठी शाळेत व्यवसायोपचारतज्ज्ञ यावा, अशी मागणी केली की तीन उत्तरे हमखास मिळतात. हे काम दवाखान्याचे आहे. रॅम्प आणि लेखनिक दिला की शाळेचे कर्तव्य संपले. एका मुलासाठी उरलेल्या चाळिसांचे नुकसान नको. ही उत्तरे देणाऱ्यांच्या हेतूबद्दल मला शंका नाही, पण यातले एकही टिकत नाही.

सेरेब्रल पाल्सी असलेली तिसरीतली मुलगी बाकावर कशी बसते ते पाहावे. पाय लोंबकळतात, धड एका बाजूला कलते. पडू नये म्हणून डाव्या हाताने ती बाकाची कड घट्ट धरून ठेवते. मग वही धरायला हातच उरत नाही. वही सरकते, अक्षर ओळ सोडते आणि शेरा मिळतो, ‘अक्षर सुधारा’. दोष बसण्यात आहे, हे दवाखान्यातल्या आधाराच्या खुर्चीवर कळत नाही. वर्गात पाहणाऱ्याला कळते. पायाखाली पाट, कमरेला आधार, वहीखाली न सरकणारी रबरी चटई, जाड पकडीची पेन्सिल, एवढ्याने तिचा डावा हात मोकळा होतो. पाट गावचा सुतारही करून देईल; त्याची उंची आणि आधाराची जागा मात्र तज्ज्ञाने ठरवावी लागते. शिवाय मूल वाढते, तशी मापेही बदलतात.

रॅम्प मुलाला दारापर्यंत नेतो. पुढे दप्तर उघडायचे असते, खिचडीचा घास तोंडापर्यंत न्यायचा असतो, स्वच्छतागृहात तोल सांभाळून कपडे सावरायचे असतात. ते जमत नसेल तर मूल दिवसभर पाणी पिणेच टाळते. भिंतीला योग्य उंचीवर लावलेला एक दांडा तिथे उपयोगी पडतो. लेखनिक ज्याला लागतो त्याला मिळालाच पाहिजे. पण आधार दिल्यावर जे मूल स्वतः लिहू शकेल, त्याची शिकण्याची संधी लेखनिक देऊन काढून घेऊ नये.

राहिला चाळिसांचा प्रश्न. तज्ज्ञ रोज तास घेत नाही. तो मुलाला पाहतो, बाईंना आणि पालकांना करून दाखवतो, पुढच्या भेटीत तपासतो. यात कुणाचा धडा बुडत नाही. आणि ही मेहेरबानीही नव्हे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम १६ नुसार शाळांत प्रत्येकाच्या गरजेप्रमाणे सोयी आणि आधार मिळावा, यासाठी झटणे शासनाचे आणि स्थानिक संस्थांचे काम आहे.

महाराष्ट्राला तर हे परके नाही. कमलाबाई निंबकरांनी १९५० साली मुंबईच्या केईएम रुग्णालयात देशातले पहिले व्यवसायोपचार विद्यालय सुरू केले. ते ज्ञान मोठ्या शहरांतल्या रुग्णालयांपुरते राहिले, तर पाड्यावरच्या आईने मजुरी बुडवून, मुलाला कडेवर घेऊन जिल्ह्याच्या गावी खेटे घालायचे का?

म्हणून मागणी स्पष्ट आहे. प्रत्येक तालुक्याला पूर्णवेळ व्यवसायोपचारतज्ज्ञाचे पद असावे. वर्षाच्या सुरुवातीला आणि प्रत्येक सत्रात त्याने मुलाला त्याच्याच वर्गात पाहावे, विशेष शिक्षकांबरोबर काम करावे, साधनांची मापे तिथेच घ्यावीत. पटावर नाव लागले म्हणजे शिक्षणाचा हक्क मिळाला असे होत नाही. बसणे, लिहिणे, जेवणे, स्वच्छतागृहात जाणे हे सारे शिक्षणातच मोडते; त्यासाठीचा खर्चही शिक्षणाच्याच अंदाजपत्रकात धरला पाहिजे.