दाउँ आणि आमचा अर्धा एकर

मंडळी, आधीच सांगून टाकतो, मी दारूतला जाणकार नाही. आमच्या वाशीमच्या घरात ‘वाइन’ हा शब्द नुसता उच्चारला तरी काकूंच्या भुवया वर जातात. तेव्हा काकूंनी हे पोस्ट वाचू नये!

मागच्या हिवाळ्यात पणजीला मित्राकडे जेवायला होतो. त्याने पोर्तुगालची एक लाल वाइन उघडली. नाव दाउँ, तिथल्या नदीवरून पडलेलं. मला वाटलं, गोव्यात मिळते त्या ‘पोर्ट’सारखी गोडमिट्ट असेल. तर नाही! हलकी, किंचित आंबट, फुलाचा पुसट वास. आवाज न चढवता बोलणाऱ्या माणसासारखी.

मित्राने कारण सांगितलं. चहूबाजूंनी डोंगर, ग्रॅनाइटची जमीन, उंचीमुळे रात्री गार. द्राक्ष सावकाश पिकतं, आंबटपणा टिकतो. १९०८ मध्येच या भागाच्या सीमा कायद्याने आखून दिल्या.

पण खरी गोष्ट पुढे आहे. सालाझारच्या राजवटीत (हाच तो, १९६१ पर्यंत गोवा न सोडणारा, त्याचं गावही याच भागातलं) १९४० च्या दशकापासून इथली द्राक्षं सहकारी संस्थांच्याच हाती गेली. सगळ्यांचा माल एका हौदात. चव सपाट झाली, नाव गेलं. १९८६ मध्ये पोर्तुगाल युरोपीय समुदायात गेला, त्यानंतर ही मक्तेदारी मोडली आणि दाउँ पुन्हा सावरली. कशी? तोरीगा नासिओनाल नावाची तिथली जुनी द्राक्षं उतारा कमी म्हणून लोकांनी बरीचशी काढून टाकली होती, पण थोडे वेल शिल्लक होते. म्हणून.

आता दादासाठी. दादा, तू यंदा शेवटच्या अर्ध्या एकरातली गावरान ज्वारीही मोडून सोयाबीन पेरायचं म्हणतोस. तुझं चूक नाही. पाखरं राखायला माणूस मिळत नाही, रानडुकरं सोडत नाहीत, आणि हिशेब तुला मांडावा लागतो. मी पुण्यात बसून भाकरीच्या आठवणी काढतो. पण आपल्याकडे जिकडे पाहावं तिकडे सोयाबीन नि तूर. बाजारात एका ढिगात पडलं की कुठलं शेत कुणाचं, कुणाला कळतं? आईने जपलेलं ते बियाणं एकदा संपलं, तर पुढे कुणाला हवं झालं तरी आणायचं कुठून?

अर्धा एकर नको, चार तास पेर. राखणीचा खर्च माझा. आणि हुरड्याला मी येतोच, बाटलीशिवाय. काकूंना सांग.

असो. तुमच्याकडे असं काही शिल्लक आहे का? जरूर कळवा.