टिपणें आणि पाहणें

मराठींत ‘टिपणें’ हें मोठें बोलकें क्रियापद आहे. पाखरूं दाणे टिपतें, शिकारी पाखराला टिपतो, आणि छायाचित्रकारही पाखराला टिपतो. यांपैकीं पहिलें टिपणें पोटासाठीं, दुसरें प्राण घेणारें, आणि तिसरें अगदींच निरुपद्रवी, असा बहुतेकांचा समज आहे. हा समज आम्हांस खोटा वाटतो. तो कां, हें येथें स्पष्टपणें सांगण्याचें योजिलें आहे.

आमचें वास्तव्य पापडीस. येथल्या तळ्याच्या कांठीं पहाटे उभें राहिलें म्हणजे पूर्वेस तुंगारेश्वराच्या डोंगराआडून उजाडतांना दिसतें. २००३ पासून अभयारण्य म्हणून राखलेल्या त्याच डोंगराच्या पायथ्याशीं पेल्हारचें धरण आहे. वसई-विरारच्या नळांस त्याचेंही पाणी येतें. पण दिवस उगवण्याच्या सुमारास तो जलाशय एखाद्या डोंगरी सरोवरासारखा निःशब्द असतो. गेल्या हिवाळ्यांत तेथें गेलों असतां कांठावर पांच-सहा मंडळी तिपाया मांडून बसलेली आढळली. पाण्यावर अडई जातीच्या बदकांचा थवा स्वस्थ तरंगत होता. सूर्याचें बिंब डोंगरावर येतांच त्यांतील एका गृहस्थानें पाण्यांत दगड भिरकावला. थवा उडाला, बिंबावरून गेला, आणि सगळे कॅमेरे एकदम वाजले. आम्हीं कारण विचारलें तेव्हां ते गृहस्थ शांतपणें म्हणाले, “अहो, उडाल्याखेरीज चित्राला जीव येत नाहीं.”

तें चित्र उद्यां ‘शांत पहाट’ अशा एखाद्या नांवानें कोठेंतरी झळकेल. वस्तुतः तें शांततेचें चित्र नव्हे, भीतीचें आहे. अडई बहुधा रात्रीं चरते आणि दिवसा पाण्यावर विसावते. म्हणजे जी वेळ तिच्या विश्रांतीची, नेमक्या त्याच वेळीं तिला उठविण्यांत आलें. त्या उड्डाणांत जें बळ खर्ची पडलें, तें तिला पुन्हां टिपूनच मिळवावें लागणार, आणि तें टिपणें चैनीचें नव्हे.

घरट्यापाशीं तर गोष्ट याहून वाईट. टिबुकली पाण्यावर तरंगतें घरटें बांधते आणि उठून जातांना पाणवनस्पती ओढून अंडीं झांकते. माणूस अवचित जवळ आला तर तिला तेवढीही सवड मिळत नाहीं. उघडीं अंडीं कावळ्याच्या नजरेस पडतात. हें आमच्या कायद्यासही ठाऊक आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यांत ‘शिकार’ या शब्दाची जी व्याख्या आहे, तींत पक्ष्यांच्या घरट्यांस व अंड्यांस उपद्रव देणें याचाही समावेश होतो. हातांत बंदूक आहे कीं कॅमेरा, असा भेद तेथें केलेला नाहीं.

यावर कोणी म्हणेल कीं, कॅमेऱ्यामुळेंच तर बंदूक सुटली! हें अर्धें खरें आहे. अमेरिकेंतील जॉर्ज शिरास हे मूळचे शिकारी. रात्रीं होडीवर दिवा ठेवून, सरोवराच्या कांठीं आलेल्या हरिणांस दिपवून मारण्याची जी रीत होती, तीच त्यांनीं उचलली आणि बंदुकीच्या जागीं कॅमेरा ठेविला. त्यांचीं ७४ छायाचित्रें ‘नॅशनल जिऑग्राफिक’ मासिकानें १९०६ च्या जुलै अंकांत छापलीं, आणि रानाचें रात्रीचें रूप लोकांस घरबसल्या पाहावयास मिळालें. हे उपकार आम्ही नाकारीत नाहीं. परंतु हत्यार बदललें, रीत तीच राहिली. शिवाय तेव्हां असा मनुष्य विरळा होता. आज खिशाखिशांत कॅमेरा आहे. ‘माझ्या एकट्याच्या पावलानें काय बिघडणार?’ असें प्रत्येकजण म्हणतो. पण पाखराला तीं पावलें एकेकटीं भेटत नाहींत. रोज सकाळीं सगळीं मिळून भेटतात.

छायाचित्रें काढूंच नयेत, असें आमचें म्हणणें नाहीं. उजाडण्यापूर्वीं जाऊन निश्चळ बसावें. पाखरूं आपण होऊन जितकें जवळ येईल तितकेंच जवळ मानावें. त्यानें दचकून मान वर केली कीं मागें सरावें. घरट्याच्या वाटेस जाऊं नये आणि त्याचा ठावठिकाणा चारचौघांत सांगूं नये. इतकें ज्याला जड जातें, त्याला पाखरांचें प्रेम नाहीं, चित्राचें आहे. आणि तसें त्यानें मोकळेपणानें म्हणावें. संपादकांस व प्रदर्शनांच्या परीक्षकांस मात्र आमची एक आग्रहाची विनंती आहे. असें सुंदर चित्र समोर आलें म्हणजे वाहवा करण्यापूर्वीं त्यांनीं एवढेंच विचारावें: हें पाखरूं कां उडालें? बक्षिसाच्या आशेनेंच दगड उचलला जातो. ती आशा तोडणें त्यांच्याच हातीं आहे.

त्या दिवशीं मंडळी तिपाया मिटून निघून गेली. ऊन चांगलें तापेपर्यंत आम्ही कांठावर बसून होतों. थवा परत आला नाहीं. तें रिकामें पाणी कोणींही टिपलें नाहीं.