उत्तर-आधुनिकता आणि घरोघरची दूरचित्रवाणी

एखादा विद्वानांचा शब्द ग्रंथांतून निघून बाजारांत आला म्हणजे त्याचा अर्थ पातळ होत जातो, असा सर्वत्र अनुभव आहे. 'उत्तर-आधुनिकता' हा शब्द अशांपैकींच एक होय. महाविद्यालयांत गेलेलीं मुलें तो ऐकून येतात, परीक्षणकार तो हवा तेथें योजतात, आणि ज्या कलाकृतीचा अर्थ लागत नाहीं तिला हें नांव देऊन पुष्कळजण मोकळे होतात. परंतु ज्या वस्तूचें हें नांव आहे ती वस्तु दूरचित्रवाणीच्या द्वारें आपल्या घरांत येऊन बसलेली आहे. म्हणून ती काय आहे, तिच्यापासून घ्यावें काय आणि टाकावें काय, याचा विचार शाळेच्या वार्षिकांत करणें अप्रस्तुत होणार नाहीं.

हा शब्द समजण्यास आधीं 'आधुनिक' म्हणजे काय तें पाहिलें पाहिजे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत युरोप-अमेरिकेंतील अनेक कलावंतांची अशी श्रद्धा होती कीं, विज्ञान व यंत्र यांच्या बळावर जुनें सारें बाजूस सारून साधें, शुद्ध आणि सर्व मानवांस सारखेंच उपयोगी पडेल असें नवें जग उभारतां येईल. या श्रद्धेचें एक फळ म्हणजे अमेरिकेंतील सेंट लुई शहरीं गरिबांकरितां बांधलेली प्रुइट-आयगो ही वसाहत. तींत अकरा मजल्यांच्या ३३ इमारती होत्या. बांधून वीस वर्षें पुरतीं लोटलीं नाहींत तोंच तेथें राहणें इतकें दुःसह झालें कीं, १९७२ सालीं त्या इमारती सुरुंग लावून पाडण्यास आरंभ झाला. वर्णभेद, दारिद्र्य आणि देखभालीस पैसा नसणें हींही त्या नाशाचीं कारणें होतीं, व सारा दोष वास्तुशिल्पकाराच्या माथीं मारणें न्यायाचें नव्हे. तथापि चार्ल्स जेंक्स या लेखकानें १९७७ च्या आपल्या ग्रंथांत आधुनिक वास्तुकलेचा मृत्यु त्या प्रसंगीं झाला असें लिहिलें, आणि तो प्रसंग एका युगाच्या शेवटाची खूण होऊन बसला. पुढें १९७९ मध्यें झां-फ्रांस्वा ल्योतार या फ्रेंच तत्त्वज्ञानें या नव्या मनःस्थितीचें लक्षण सांगितलें. प्रगति, मुक्ति इत्यादि ज्या मोठमोठ्या कथांनीं सर्व इतिहासाचा अर्थ एका सूत्रांत सांगितला जाई, त्या कथांवर आतां मनुष्याचा विश्वास उरला नाहीं, असें त्याच्या म्हणण्याचें सार आहे.

चित्रकलेंत या अविश्वासाचा प्रारंभ त्याहूनही आधीं दिसतो. १९६२ सालीं अँडी वॉरहोल यानें लॉस एंजेलिस येथें ३२ चित्रें मांडलीं. त्या सर्वांत कॅम्पबेल कंपनीच्या सूपचा डबा तेवढा होता, आणि एका डब्यांत व दुसऱ्यांत फरक असेल तो सूपच्या प्रकाराचा. कला वेगळी आणि किराणा वेगळा ही भिंतच त्यानें पाडली. १९८१ सालीं शेरी लेव्हिन या बाईंनीं वॉकर एव्हन्स या प्रसिद्ध छायाचित्रकाराच्या जुन्या छायाचित्रांचीं पुनः छायाचित्रें घेऊन तीं आपलीं म्हणून प्रदर्शनांत मांडलीं. मूळ कोणतें, नक्कल कोणती आणि कर्ता कोण, असा त्यांचा प्रश्न होता. परीक्षेंत शेजाऱ्याचा पेपर उतरून काढणाऱ्या विद्यार्थ्यानें मात्र हा दाखला गुरुजींपुढें ठेवूं नये. कारण लेव्हिनबाईंनीं मूळ छायाचित्रकाराचें नांव आपल्या कृतीच्या शीर्षकांतच घातलें होतें. नक्कल करणें आणि फसविणें यांतील अंतर त्यांनीं राखलें होतें, हें ध्यानांत धरण्याजोगें आहे.

आतां दूरचित्रवाणीकडे वळूं. मॅट ग्रेनिंग या व्यंगचित्रकाराची 'द सिम्पसन्स' ही मालिका १७ डिसेंबर १९८९ रोजीं अमेरिकेंतील फॉक्स वाहिनीवर स्वतंत्रपणें सुरू झाली. तिच्या आरंभींच्या दृश्यांत एक कुटुंब आपापल्या उद्योगांतून धांवतपळत घरीं येतें आणि कोचावर बसून दूरचित्रवाणी पाहूं लागतें. कार्यक्रम करणारांचीं नांवें त्या कुटुंबाच्या यंत्रावर उमटतात. म्हणजे आपण ज्यांस पाहत आहोंत तेही आपल्यासारखेच पाहत बसले आहेत! मालिकेंतील मुलें 'इची आणि स्क्रॅची' नामक उंदीर-मांजराचा क्रूर खेळ पाहून खदखदा हंसतात. तो जुन्या उंदीर-मांजरांच्या चित्रपटांचें विडंबन होय. जुन्या चित्रपटांतील प्रसंग, जाहिराती, पुढारी, धर्मोपदेशक, फार काय, जी वाहिनी ही मालिका दाखविते ती वाहिनी, यांपैकीं कोणीही थट्टेंतून सुटत नाहीं. उसनवारी, विडंबन आणि आपणच आपल्याकडे बोट दाखविणें, हीं उत्तर-आधुनिक कलेचीं तिन्ही लक्षणें येथें एकत्र आढळतात.

यांतील युक्ति अगदींच नवीन आहे असें मात्र कोणी समजूं नये. भवभूतीच्या 'उत्तररामचरिता'च्या सातव्या अंकांत प्रत्यक्ष रामासमोर त्याच्याच जीवनकथेचें नाटक होतें. सर्व्हान्टेस याच्या 'डॉन किहोते'च्या १६१५ सालच्या दुसऱ्या भागांत नायकाला असे लोक भेटतात कीं, ज्यांनीं त्याच्या कथेचा पहिला भाग वाचलेला आहे. आमच्या तमाशांत गौळणीच्या वेळीं मावशी कृष्णाचीही फिरकी घेते. परंतु येथें एक भेद आहे. तमाशांत गौळणीच्या आधीं गण होतो. प्रथम वंदन आणि मग विनोद. भवभूतीचें अंतर्नाटक पाहून रामाचें दुःख खोटें ठरत नाहीं, उलट अधिक गहिरें होतें. आजच्या पुष्कळशा कार्यक्रमांत वंदनाचा भाग गळून विनोद तेवढा उरला आहे.

या विनोदाचे उपकार नाकारणें कृतघ्नपणा होईल. जाहिरात मनाला कशी भुरळ घालते, पुढारी टाळी कशी मिळवितो, कथाकार अश्रु कोठें काढतो, हें ज्या मुलानें विडंबनांतून ओळखलें तें सहसा फसत नाहीं. आमच्या पिढीस हें ज्ञान बऱ्याच उशिरां आलें. म्हणून मुलांच्या हंसण्याचा राग करणाऱ्या पालकांच्या पंक्तीस आम्हीं बसूं इच्छित नाहीं.

धोका आहे तो दुसरीकडे. २०१० सालच्या ऑक्टोबरांत 'द सिम्पसन्स'च्या एका भागाचें आरंभींचें दृश्य बँक्सी या निनांवी ब्रिटिश चित्रकारानें रचलें. त्यांत त्याच मालिकेचीं चित्रें व खेळणीं एका अंधाऱ्या कारखान्यांत पिचलेले मजूर तयार करीत आहेत असें दाखविलें होतें, आणि शेवटीं कंपनीचें बोधचिन्ह कांटेरी तारांनीं वेढलेलें होतें. हें सर्व फॉक्स वाहिनीनेंच प्रसृत केलें. प्रेक्षक चकित झाले, हंसले, आणि मालिका पूर्ववत् चालू राहिली. मालकानें आपली निंदा आपणच विकावयास काढली, तर त्या निंदेला धार कसली राहणार? डेव्हिड फॉस्टर वॉलेस या अमेरिकन लेखकानें १९९३ सालींच एका दीर्घ निबंधांत हें दाखवून दिलें होतें. उपरोध हा ढोंग उघडें पाडण्यास समर्थ, पण पाडलेल्याच्या जागीं कांहीं उभारण्यास असमर्थ आहे, आणि दूरचित्रवाणीनें तें शस्त्र आपलेंसें करून प्रेक्षकांस जागचे हलूं दिलें नाहीं, असें त्याचें प्रतिपादन आहे. आम्हांस तें पटतें. 'मी फसलों नाहीं' एवढ्या समाधानांत मनुष्य तासचे तास त्याच कोचावर बसून राहतो, आणि त्याच्या त्या बसण्याचेंच मोल व्यापारी जाहिरातदारांकडून वसूल करतो.

शिवाय खोटें नाणें ओळखण्यास खऱ्या नाण्याची पारख असावी लागते. सर्वच कथा खोट्या असें म्हणणाऱ्यानें आपली पारख कशावर केली, हें सांगितलें पाहिजे. शुभवर्तमानांत रोमी सुभेदार पिलात सत्य म्हणजे काय असें विचारतो, आणि उत्तर न ऐकतां बाहेर निघून जातो. विचारण्यांत त्याचा दोष नव्हता. न थांबण्यांत होता. प्रुइट-आयगोच्या भिंती कोसळल्या तेव्हां एका वास्तुमताचा पराभव झाला, हें विद्वानांनीं पाहिलें. परंतु तेथील गरीब कुटुंबांची निवाऱ्याची गरज त्या सुरुंगानें उडाली नाहीं. जुनें मत हंसण्याजोगें ठरलें म्हणून त्या मतानें पुरी करूं पाहिलेली गरजही हंसण्याजोगी ठरत नाहीं.

तेव्हां आमचें सांगणें थोडक्यांत असें. पालकांनीं दूरचित्रवाणी बंद करण्यापेक्षां मुलांच्या शेजारीं बसावें, आणि एखादी थट्टा झाली म्हणजे विचारावें: ही थट्टा कशाची आहे, तें मूळ तूं पाहिलें आहेस काय, आणि या हंसण्यानें कोणाचा लाभ होतो? दुर्बळाला हंसणारी थट्टा आणि प्रबळाचें ढोंग फोडणारी थट्टा यांतील भेद मुलांस अशा प्रश्नांनींच कळेल. विद्यार्थ्यांनीं विडंबन अवश्य वाचावें, पाहावें, करावेंही. परंतु ज्याचें विडंबन करावयाचें त्याचें मूळ एकदां तरी आदरानें वाचल्यावांचून करूं नये. आणि वर्षाकांठीं निदान एक काम असें करावें कीं, जें थट्टेनें होत नाहीं: एखादें झाड लावून जगवावें, एखादें नाटक मनापासून बसवावें, एखाद्या मागें पडलेल्या सोबत्यास गणित शिकवावें. अशा कामांत हंसें होण्याची भीति असते. ती ज्यानें पत्करली, त्यालाच पुढें दुसऱ्याच्या कामास नांवें ठेवण्याचा अधिकार पोहोंचतो.