आवाज बंद, उजेड चालू

सभागृहात बसून फोटो काढणाऱ्यांचा एक युक्तिवाद हल्ली वारंवार कानावर येतो. "सायलेंटवर आहे हो, कुणाला त्रास होतोय?" आवाज बंद केला की सभ्यपणाची सगळी फी भरून झाली, असा यांचा समज. फ्लॅश मात्र खुशाल चालू! या मंडळींशी मला आज भांडायचंच आहे.

मी सांताक्रूझला राहते. पार्लं एका स्टेशनावर. त्यामुळे नाटक म्हटलं की दीनानाथ मंगेशकर नाट्यगृह आणि गाणं म्हटलं की आसपासची लहानमोठी सभागृहं. गेल्या हिवाळ्यात अशाच एका मैफलीत गायिकेने डोळे मिटून विलंबित ख्याल नुकता मांडायला घेतला होता. पुढच्या रांगेतल्या एका तरुणाने मोबाइलचा उजेड तीनदा पाडला. तिसऱ्या वेळी बाईंनी डोळे उघडले. मी त्याला खुणावलं, तर म्हणतो कसा, "आजी, आवाज तरी येतोय का?"

आता गंमत बघा. बऱ्याच कॅमेऱ्यांत सायलेंट मोड लावला की फ्लॅश उडतच नाही. कॅमेरा बिघडला असं लोकांना वाटतं, पण बिघडलेलं काही नसतं. आवाज होतो तो शटरच्या पडद्यांचा. सायलेंट मोडमध्ये पडदे हलत नाहीत. चित्र टिपणारा सेन्सर एकेक ओळ वाचत जातो. वर्गातल्या पहिल्या बाकाने मान वर करून खाली घालायची, मग दुसऱ्याने, मग तिसऱ्याने... आणि मध्येच वीज चमकली, तर त्या क्षणी ज्यांच्या माना वर, त्यांनाच ती दिसणार. फ्लॅश म्हणजे जेमतेम सेकंदाच्या हजाराव्या भागाची वीज. फोटोत एक पट्टा उजळ, बाकी काळोख. ही फजिती नको म्हणून बहुतेक कंपन्यांनी सायलेंटमध्ये फ्लॅशच बंद ठेवला.

कारण तांत्रिक, पण परिणाम किती शहाणा! गप्प राहायचं तर उजेडही पाडायचा नाही.

मोबाइलला ही अडचण कधी आलीच नाही. त्याचा फ्लॅश म्हणजे एलईडी दिवा, सगळ्या ओळी वाचून होईपर्यंत तो पेटून राहतो. आता मोठे कॅमेरेही सुटले. निकॉनच्या २०२१ च्या झेड-नाइनमध्ये पडद्यांचं शटरच नाही, तरी फ्लॅश चालतो. सोनीने नोव्हेंबर २०२३ मध्ये जाहीर केलेला ए-नाइन-थ्री तर सगळ्या ओळी एकदम टिपतो. म्हणजे यंत्राने घातलेला लगाम गेला. उरला तो फक्त माणसाचा विवेक, आणि तिथेच सगळी बोंब आहे.

अंधाराला पुरते सरावायला डोळ्यांना वीस-तीस मिनिटं लागतात. एक फ्लॅश पडला की ती कमाई क्षणात बुडाली. रंगमंचावरच्या नटाला काळोखात पायरी शोधायची असते. प्रकाशयोजनाकाराने सावल्यांचा हिशेब करून प्रसंग उभा केलेला असतो. तुमचा पांढरा झोत तो पुसून टाकतो. बरं, फोटो तरी चांगला येतो का? मोबाइलचा दिवा चार-दोन मीटरच्या पुढे फारसा पोचत नाही. दहाव्या रांगेतून उजळतात ती पुढच्यांची टकलं!

काही फोटोग्राफर म्हणतात, सायलेंटमध्ये रंगमंचाच्या एलईडी दिव्यांमुळे फोटोत पट्टे येतात. खरं आहे, येतात. पण त्यावर फ्लॅश हा उपाय नव्हे. शटरचा वेग कमी करा, नाहीतर रंगीत तालमीला या आणि हवे तेवढे खटके वाजवा. मोठ्या छिद्राची लेन्स, वाढवलेला आयएसओ आणि रंगमंचावर आधीच असलेला प्रकाश एवढ्यावर काम भागतं. आठवणी जपू नका असं मी म्हणत नाही. पण एकाच्या आठवणीसाठी चारशे जणांची संध्याकाळ का खर्ची घालायची?

तेव्हा आयोजकहो, तिसऱ्या घंटेच्या आधी तुम्ही मोबाइल बंद ठेवायला सांगता, त्यात एक वाक्य वाढवा: आवाज बंद असला तरी फ्लॅश चालणार नाही. आणि सांगून थांबू नका. जो ऐकणार नाही त्याला मध्यंतरात बाहेर बोलावून समज द्या. शाळेत आम्ही "गप्प बसा" एवढंच सांगत नव्हतो. गप्प बसून आरशाने दुसऱ्याच्या डोळ्यांवर कवडसा पाडणाऱ्या पोरालाही वर्गाबाहेर उभं करत होतो.