छोट्या ट्रेलरच्या टपावर
अमेरिकेतल्या 13 फुटी फायबरग्लास ट्रेलरवर सौर पॅनेल बसवायचं असेल, तर वॅटचा हिशोब बाजूला ठेवा आणि आधी टेप घेऊन टपावर चढा. मधेच 14 इंची चौकोनी व्हेंट असतो. त्याचं झाकण उघडलं, की कलत्या उन्हात शेजारच्या पॅनेलवर सावली पडते, आणि ही सावली फार महागात जाते. पॅनेलमधले सेल एकामागोमाग एक जोडलेले असतात. एक झाकला गेला तरी त्याच्या ओळीतल्या सगळ्यांचा प्रवाह अडतो. बायपास डायोड वाट काढून देतो, पण ती अख्खी ओळ वगळूनच. म्हणून एका मोठ्या पॅनेलपेक्षा व्हेंटच्या दोन बाजूंना 100 वॅटची दोन अरुंद पॅनेलं, तीही समांतर जोडलेली, मला जास्त पटतात. चिकटवायची लवचिक पॅनेलं हलकी असतात, गोलसर टपावर नीट बसतात. पण खालून वारा नसल्यामुळे ती तापतात, आणि तापलेला सेल वीज कमी देतो. खाली इंचभर पोकळी ठेवून बसवलेलं काचेचं पॅनेलच वर्षानुवर्षं साथ देतं. अशा 200 वॅटवर दिवे, पंखा, पाण्याचा पंप, फोन निभावतात. एसी मात्र नाही. आणि जुलैच्या उन्हात ट्रेलर झाडाखालीच लावावासा वाटणार, तेव्हा टपावरची वीज जवळजवळ बंद. त्यामुळे टपावर दोन्ही पॅनेलांची जागा होत नसेल, तर ओढूनताणून बसवू नका. दुसरं पॅनेल घडीचं घ्या आणि जाड, लांब वायर लावून उन्हात मांडा.